उत्तरेकडची खोली

कागद लावायला आलेल्या को काकांनी भिंतीचा जुना कागद टराटरा ओढला आणि तोंड फिरवलं. "अरे बापरे! ही भिंत आहे की कोळशाची खाण?"

खालपासून छातीपर्यंत भिंत काळी होती. मिर्योंग दारातच उभी होती. तिला नवल वाटलं नाही. नोव्हेंबरपासून दर रविवारी ती हीच बुरशी घासत होती. नाकाला फडकं बांधायचं, खिडकी सताड उघडायची, ब्लीच फवारायचं, घासायचं, पुसायचं. पुढच्या रविवारी बुरशी पुन्हा हजर. आठवडाभर शाळेच्या स्वयंपाकघरात चारशे मुलांचा भात शिजवायचा आणि सुट्टीच्या दिवशी हे. बोटांची सालं निघाली होती. नवरा तिकडे उल्सानच्या गोदीत कामाला. तो फोनवर उंटावरून शेळ्या हाकायचा. "खिडक्या उघडत जा गं जरा." बाहेर उणे पंधरा, आणि म्हणे खिडक्या उघडा!

घरातली दुसरी कुठलीच भिंत काळी पडली नव्हती. फक्त सासूबाईंच्या खोलीची. त्यामुळे दोष कुणाचा, हे मिर्योंगने केव्हाच ठरवून टाकलं होतं. सासरे गेल्यावर सासूबाई ऑक्टोबरात गावाहून आल्या, त्या शिंपल्यांच्या नक्षीचं ते धूड कपाट घेऊनच. ते बाहेरच्या भिंतीला खेटून ठेवलं. मग भिंतीला वारा लागणार कुठून? शिवाय खिडकी कायम बंद. धुतलेले पायमोजे खोलीतच दोरीवर. आणि स्वतः बाई मात्र दिवसभर बैठकीच्या खोलीत, अंगात कापसाची जाड बंडी घालून जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. उठायचं नाव नाही. कामावरून दमून आलेल्या मिर्योंगला आपल्याच घरात घटकाभर आडवं व्हायला जागा नसे.

तेही तिने खपवून घेतलं असतं. पण सात वर्षांची लेक बोराम डिसेंबरपासून खोकत होती. औषधं झाली, काढे झाले, खोकला काही हटेना. डॉक्टरांनी छाती तपासून एकच प्रश्न विचारला, "घरात बुरशी आहे का?" घरी येताच मिर्योंगने नणंदेला फोन लावला. नणंदेने जॉन्जूच्या एका वृद्धाश्रमात आईसाठी जागा मिळवली. आज चार वाजता ती गाडी घेऊन यायची होती. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "बरं." भांडल्या असत्या तर मिर्योंगला हायसं वाटलं असतं. त्या "बरं"ने ती आठवडाभर नीट जेवली नव्हती.

भिंत पुसायला को काका गुडघ्यांवर बसले आणि लगेच उठले. तळवा जमिनीवर टेकवून बघितला. "वहिनी, तुमचा बॉयलर बंद आहे का?"

"छे हो, सकाळपासून चालू आहे. खिडकी उघडी आहे ना, म्हणून गार लागत असेल." तिच्या पायात जाड तळाच्या सपाता होत्या. या खोलीत ती यायची ती रविवारी, खिडकी उघडून घासायला. खोली गार आहे, याचं तिला कधी काही वाटलंच नव्हतं.

"खिडकीने हवा गार होते. जमीन नाही हो होत," को काका म्हणाले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. सिंकखालचं दार उघडून आत वाकले. जमीन तापवायला बॉयलरचं गरम पाणी तिथूनच एकेका खोलीखाली जायचं. चार नळ्या, चार चाव्या. तीन चाव्या उभ्या होत्या, एक आडवी.

"ही घ्या तुमची बुरशी! त्या खोलीचं पाणीच तोडलंय कुणीतरी. सगळ्या घरातली ओल जाऊन त्या गार भिंतीला चिकटणार, दुसरं काय होणार? कागद लावतो मी, पण ही उघडली नाहीत तर महिन्याभरात पुन्हा बोलवाल मला."

मिर्योंग त्या आडव्या चावीकडे बघत राहिली. कुणीतरी कशाला, तिनेच. मागच्या हिवाळ्यात ती खोली रिकामी होती. तिथे रताळ्यांची आणि सफरचंदांची खोकी रचली होती. ती उबेने सडू नयेत म्हणून तिनेच वाकून चावी फिरवली होती. ऑक्टोबरात खोकी बाहेर निघाली, सासूबाई आत गेल्या, आणि चावी तशीच राहिली.

बाहेर बैठकीच्या खोलीत सासूबाई कोट चढवून, बोचकं मांडीशी घेऊन बसल्या होत्या. को काकांचा आवाज त्यांना ऐकू गेलाच असणार. मिर्योंग त्यांच्यासमोर मटकन बसली. लाजेने तिला वर बघवेना.

"आई, सगळा हिवाळा तुम्ही त्या गारठ्यात झोपलात?"

"विजेची चटई होती की गं. पाठ गरम राहायची. नाक तेवढं गार पडायचं."

"अहो, पण एका शब्दाने बोलायचं तरी! मी विसरले हो. खरंच विसरले."

सासूबाईंनी मान वर केली.

"विसरलीस?" त्या म्हणाल्या. "पहिली थंडी पडली तेव्हाच मी ती चावी बघितली होती, बोरामच्या आई. हात नाही लावला. मला वाटलं, तोंडाने 'जा' म्हणायला तुला जड जातंय, म्हणून बंद केलीस."