सूपभर भात

२०१९ च्या फेब्रुवारीत मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर तो फ्लेक्स लागला आणि अनिताला घास गिळेना.

फ्लेक्सवर शहापूर-मुरबाडची सात मुलं होती. मोटरसायकलींवरून नेपाळमार्गे भूतानला जायचं आणि हृदयाला भोक असलेल्या लहान मुलांच्या ऑपरेशनसाठी वाटेत मदत गोळा करायची, असा त्यांचा बेत. प्रत्येकाच्या फोटोशेजारी त्याच्या आईचा फोटो. अनिताच्या ज्ञानेश्वरशेजारी मात्र वाडीवरची ठमी हसत होती.

"काय गो अनिता," शेजारच्या शीतलनं विचारलंच, "ज्ञाना तुझा ना? मग तिथं ठमी कशी बसली?"

ज्ञाना अनिताचाच. पण त्याच्या आधीची तीन मुलं जगली नव्हती. म्हणून पाचव्या दिवशी तिनं त्याला सुपात घातलं आणि मूठभर नाचणीला ठमीला विकलं. मरणाला वाटावं, हे पोर या घरचं नाहीच. असं पोर वाढवते आई, पण हक्क घेणारीचा. लग्नाआधी आईनं खळ्यातला सूपभर भात देऊन ते सोडवून आणायचं. घेणारीनं आपणहून परत करायचं नसतं, पोराला बाधतं.

ज्ञाना ठमीला 'आये' म्हणायचा. पहिल्या पगाराचं लुगडंसुद्धा आधी तिला. अनितानं तेही सोसलं होतं.

"शहापूरला निघताना झेंडा कोण दाखवणार रे?" तिनं विचारलं.

"आया दाखवणार. मी आयेला नेतोय." ज्ञाना हेल्मेटची काच पुसत राहिला.

"आणि मी?"

"तू पण ये. मागं उभी राहा."

"जन्म मी दिला तुला!"

"आणि विकला कोणी?"

दुसऱ्या दिवशी अनिता भातानं भरलेलं सूप घेऊन वाडीवर गेली. ठमी कुडाच्या भिंतीला टेकून बसली होती. अनिताला बघून ती उठलीसुद्धा नाही. फ्लेक्सवर काय आली, माज चढला, अनिताच्या मनात आलं.

"माझा मुलगा दे, ठमे."

"लगीन ठरला का त्याचा, बाय?"

"नाय ठरला. मला आत्ता पायजे."

ठमीनं सूप पुढ्यात ओढलं, मूठभर भात हातात घेतला. "नेला तुझा तू. आता माझा काय नाय त्याच्यावर."

डोळ्यांत टिपूसही नाही. हिसकावून घ्यायला आलेली अनिता तशीच फणफणत घरी परतली.

शहापूरला झेंडा तिनंच दाखवला. ठमी आली नाही.

मुलं एप्रिलमध्ये परत आली. जमलेल्या मदतीतून काही लहानग्यांची ऑपरेशनं झाली. शीतल आता पाहुण्यांना ज्ञानाचं कौतुक असं सांगते, जणू तिनंच त्याला भूतानला धाडलं. ज्ञानाचं लग्न झालं, आटगावला गॅरेज आहे. ठमी मात्र मुलं भूतानला पोचायच्या आतच गेली. पोटात गाठ होती. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं होतं, तेव्हा तिच्याबरोबर ज्ञानाच होता.

ज्ञानानं परतल्यावर हे सांगितलं, तेव्हा अनितानं एकच विचारलं, "मरायला टेकलेल्या बाईचा फोटो मला खिजवायला कशाला लावलास?"

"तिनंच लावायला लावला, आई. म्हणाली, 'तू माझाच असताना मी मेले, तर मरण तुला पण माझ्या मागं नेल. मला तर आपणहून देता येत नाय. तू तुझ्या आईला जळव, ती न्यायला येल.'"