न चमकणारे आकडे

शहागडच्या भंगारातून आणलेल्या जुन्या तबकडीचा फोटो प्रियदर्शनीने विमानांच्या इतिहासाच्या ऑनलाइन गटावर टाकला. “महायुद्धातल्या विमानाचा उंचीमापक!” गट हरखला. “आकडे अंधारात चमकणाऱ्या, किरणोत्सारी रेडियमच्या रंगाने रंगवलेले असतील,” कुणीतरी लिहिलं. ती भौतिकशास्त्राची पदवीधर. तिने खोलीत अंधार करून पाहिलं आणि ठणकावून उत्तर दिलं, “चमकत नाहीत, म्हणजे रेडियम नाही.” “मग काच काढा, आतून पुसून फोटो टाका,” मागणी आली. तिने ते काम घरातल्या वहिनीवर सोपवलं. दुपारी एका निवृत्त तंत्रज्ञाने लिहिलं, “काच काढू नका! ऐंशी वर्षांत रंगाची चमक संपते, रेडियम संपत नाही. भुकटी पोटात गेली तर हाडांत बसते.” ती स्वयंपाकघरात धावली. “वहिनी, तबकडी?” “केली की बराबर साफ! लय पिवळी भुकटी निघाली, ताई.” “कशानं पुसली?” “पदरानं.” वहिनीच्या मांडीवरची तान्ही मुलगी तोच पदर चोखत होती.