ओडीलचं खोकं

आलिदाच्या पत्राला ओडीलने उत्तर दिलं नव्हतं. पत्र साधंच होतं. ‘दादा, पोपट हातावर येऊ लागला का? तुझ्या त्या फिंचच्या खोक्यात तर नाही ना ठेवलास त्याला? जमत नसेल तर मोकळेपणाने कळव. मी गाडी घेऊन येते, त्याला परत नेते.’

‘जमत नसेल तर’ एवढंच ओडीलला झोंबलं होतं. त्याचा शेवटचा फिंच, चिमणीएवढं गाणारं पाखरू, हिवाळ्यात मेला, म्हणून बहिणीने तिकडे रुसेलारेला चमच्याने भरवून वाढवलेलं पोपटाचं हे राखी पिल्लू त्याला दिलं होतं. पण जन्मभर पाखरं पाळलेल्या माणसाला धाकट्या बहिणीने असं विचारावं?

आणि आज रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरात उभा होता, आणि पोपटाने चावलेल्या अंगठ्यातून रक्त गळत होतं. दुसऱ्या हातात सफरचंदाची फोड तशीच होती.

समोर टेबलावर खोकं होतं. तिन्ही बाजूंनी फळ्या, पुढे बारीक पट्ट्या, त्यांतून उजेड जेमतेम आत जाई. गावातले सगळे फिंच अशाच खोक्यांत राहत. बाहेरचं काही दिसलं नाही की पाखराचं लक्ष भटकत नाही, ते गात राहतं. पोपटासाठी ओडीलने तेच खोकं मोठ्या मापाचं केलं होतं.

“काय ओडील, आजही तूच गायलास वाटतं?” खिडकीबाहेरून शेजारचा रेमी म्हणाला. आपलं खोकं बगलेत मारून तो फिंचच्या गाण्याच्या शर्यतीला निघाला होता. “तुझी किंकाळी अख्ख्या गल्लीला ऐकू गेली. खडू हातात असता तर मोजलं असतं.”

ओडीलने खिडकी धाडकन लावली.

“नमकहराम,” तो खोक्याला म्हणाला. “खायला घालावं तर हात तोडतो. आलिदाने लाडावून ठेवलंय नुसतं.” त्याने काळं फडकं उचललं आणि खोक्यावर टाकलं. “राहा अंधारात. येईल डोकं ठिकाणावर.”

कांद्याची पात चिरत बसलेली त्याची बायको इर्मा उठली. तिने खिडकीचा पट्टा ओढला तशी लाकडी झडप खडखडत खाली आली. मग तिने अंगणाच्या दाराची झडपही पाडली. स्वयंपाकघरात मिट्ट काळोख झाला.

“इर्मा, हे काय चाललंय?”

कुठेतरी खुर्ची सरकली. ओडीलने टेबलासाठी हात पुढे केला, कप लवंडला, गरम कॉफी त्याच्या पायावर सांडली.

“इर्मा, बास झालं हां.”

काहीतरी ओलं, गार त्याच्या गालाला लागलं. त्याने सगळा जोर लावून फटका मारला.

“चावलास,” इर्माचा आवाज अगदी जवळून आला. “चांगलाच चावलास.”

“मला काय माहीत तुझा हात आहे म्हणून?”

“त्याला तरी कुठे माहीत होतं?”

तिने झडप वर केली. तिचं मनगट लाल झालं होतं, ते तिने लपवलं नाही. “फिंच होते तोवर मी तोंड उघडलं नाही. तो तुझा प्रांत होता. पण हे पोर त्या खोक्यात मी पुन्हा बघणार नाही. आलिदाकडे पाठवायचं तर आज पाठव. नाहीतर फोड ते खोकं.”

ओडीलने फडकं काढलं, पक्कड आणली. दात उपटावेत तशी एकेक पट्टी तो उपटू लागला. खिळे पक्के बसले होते. ते आपणच इतके नीट ठोकले होते याचा त्याला आणखी राग आला. पट्ट्या गेल्यावर मागच्या कोपऱ्यात दडपून बसलेला पोपट दिसला. पिसं अंगाशी चिकटलेली, डोळा त्याच्या हातावर.

हात घालायची ओडीलची छाती झाली नाही. त्याने दाराआडची काठी घेतली. शर्यतीत फिंच गायला की तिच्यावर खडूने रेघ ओढायची. त्याच्या बापाची काठी. तिचं टोक त्याने पोपटापुढे धरलं.

पोपटाने काठी चावली. एक ढलपी टेबलावर पडली. ओडीलच्या ओठांवर शिवी आली, पण काठी त्याने मागे घेतली नाही. दुसरी ढलपी पडली. मग पोपटाने खिडकीतल्या उजेडाकडे पाहिलं, बराच वेळ, आणि एक पाय काठीवर ठेवला.

“दुसरा?” इर्माने हळूच विचारलं.

“घाई तुला आहे. त्याला नाही.”

काठी खोक्यावर आडवी ठेवून तो लिहायला बसला. अंगठ्याला बांधलेल्या चिंधीमुळे पेन निसटत होतं. ‘आलिदा, तो चावतो. खोक्यातच ठेवला होता. न्यायला येऊ नकोस.’

“खाली ‘तुझा दादा’ तरी लिही,” इर्मा म्हणाली.

“तिला माहीत आहे मी कोण ते.” तिकीट त्याने मुठीने ठोकून चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत रस्त्याच्या कडेला खोकी ओळीने मांडलेली होती. प्रत्येकासमोर स्टुलावर एकेक माणूस, हातात काठी आणि खडू. कुणी मान वर केली नाही. रेमीने मात्र रेघ ओढता ओढता त्याच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं.

“काठी कुठाय तुझी?” तो पुटपुटला.

“पोपट खातोय,” ओडील म्हणाला, आणि त्याने पत्र पेटीत टाकलं.