बाबलीचा राक्षस

पेडण्याच्या जत्रेतल्या दशावतारात मी विष्णू होतो, बाबली राक्षस. राक्षस मुळात राजपुत्र. ऋषीच्या शापानं मती फिरली आणि गावं जाळत सुटला. आमच्या नाटकात संवाद लिहिलेले नसतात, जागच्या जागी सुचावे लागतात. मी लाकडी तलवार उगारली तसा बाबली म्हणाला, “देवा, शाप मी मागितला नव्हता. मग दोष कोणाचा?” मला उत्तर सुचेना. पेटीवाल्याचे हातही थांबले. मघापासून राक्षसाला शिव्या घालणारी पुढ्यातली म्हातारी कळवळली, “मारू नको रे त्याका.” बाबलीनं माझी पंचाईत ओळखली. तलवारीचं टोक स्वतःच्या छातीला लावून तो म्हणाला, “शाप ऋषीचा, पण पलिता धरणारे हात माझेच. मार.” खेळ संपल्यावर म्हातारी पाया पडायला आली. सवयीनं मी पाय जुळवले. ती मात्र बाबलीपुढे वाकली. मुकुट काढून मी तिच्या मागे उभा राहिलो.