पाण्याला सांगायचं नाव

न्यायमूर्तीबाई शहरातून एवढ्या लांब आल्या, पण पाणवठ्यावर पोचल्यावर नेलआजीने त्यांना आधी दगड शोधायला लावला.

"काखेत घासा बाई. नीट घासा, नुसता टेकवू नका. घाम लागला पाहिजे."

बाईंनी निमूट दगड घासला आणि पाण्यात टाकला. नेलआजीने पाण्याकडे तोंड करून तिथल्या पूर्वजांना सांगितलं की ही बाई कामासाठी आलीय, काम करून जाईल, हिला त्रास देऊ नका. मग बाईंचं नाव दोनदा मोठ्याने घेतलं. पाण्याला वास आणि नाव कळवल्याशिवाय आमच्याकडे नवखं माणूस तिथे पाय बुडवत नाही, मग तो न्यायाधीश असो नाहीतर ट्रकवाला.

मागे आमचे रेंजर रांगेत उभे होते. जमिनीची राखण करणारी, वेळच्या वेळी गवत जाळणारी ही आमचीच पोरं. आज सगळ्यांचे शर्ट धुतलेले, प्रत्येकाच्या खिशावर नाव विणलेलं. एकीच्या खिशावर मात्र नुसतंच 'रेंजर'.

ती बिननावी. तिला ठेवलेलं नाव तिच्या आजीचं. सहा वर्षांपूर्वी आजी गेली आणि गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पोरीचंही नाव त्या दिवशी बंद झालं. ते परत सोडवायचा हक्क एकट्या नेलआजीचा, कारण ती गेलेलीची सख्खी धाकटी बहीण. पोरीने दोनदा विचारून पाहिलं होतं. दोन्ही वेळा एकच उत्तर. "जमिनीच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत थोरली कुठे जायची नाही. इथेच बसून आहे ती. मध्येच हाक मारून तिला घोटाळ्यात टाकू नका."

निकाल आज होता.

"बिननावे," तिचा आतेभाऊ क्लिफर्ड म्हणाला, "आजचा कागद तुझ्याच नावावर करणार होते म्हणे. पण नाव काही सापडेना त्यांना."

"तू रस्त्यावर जा आणि गाड्या अडव. गवत पेटवल्यावर धुरात कुणी घुसलं तर तुलाच धरीन," ती म्हणाली. क्लिफर्ड हसत वायरलेस घेऊन गेला.

ताडपत्रीच्या सावलीत बाईंनी निकाल वाचला. ही जमीन गोरे येण्याआधीपासून या लोकांची होती आणि आहे, हे कायदा आज मान्य करतो. टाळ्या झाल्या. दोन म्हातारे मोकळेपणाने रडले. त्यात लाज कसली? मग बाई म्हणाल्या, "हा दावा ज्यांनी प्रथम मांडला त्या आज आपल्यात नाहीत. तुमच्या रीतीचा मान राखून मी त्यांचं नाव घेत नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंचं वागणं बरोबरच होतं. नेलआजी तेवढी काठीवर हनुवटी टेकून तशीच बसली होती. तो चेहरा बघून पोरीने आशा सोडली.

"आजी, चहा देऊ?"

"नको."

"मग मी गवत पेटवायला जाऊ? वारा आत्ता चांगला आहे. दुपारनंतर फिरेल."

"थांब जरा."

नेलआजी उठली. "बाई, तुमच्यावर राग नाही हो. पण एकोणीस वर्षं जी या कागदापायी झिजली, तिलाच तेवढं कुणी कळवायचं नाही, हे काही बरं नाही." आणि ती पाण्याच्या कडेला गेली. "पोरी, इकडे ये. दगड घे."

"मला कशाला? मला पाणी ओळखतं."

"घे म्हणते ना."

पोरीने दगड घेतला, काखेत घासला. नेलआजीने काठी खाली टाकली आणि दोन्ही हात तोंडाशी धरले.

"डोरीन!"

आमच्या सगळ्यांच्या माना खाली गेल्या. सहा वर्षांत ते नाव कुणी कुजबुजलंसुद्धा नव्हतं.

"डोरीन, कागद आला. जमीन आपली आहे, असं आता तेही म्हणतात. तू मोकळी झालीस. जा आता. नाव तेवढं इथे सोडून जा, पोरीला लागतंय." तिचा आवाज फाटला. तरी तिने पुरतं सांगितलं. "ही डोरीन. तुझी नात. तुझ्यासारखीच हट्टी आहे."

पोर दगड हातात धरून तशीच उभी होती. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही तिला सुचलं नाही.

"टाक की," नेलआजी म्हणाली. "हात अवघडेल."

तिने दगड टाकला. त्यानंतरही कुणी तिला नावाने हाक मारली नाही. जीभच उचलेना. लोक चहाकडे वळले, कांगारूच्या शेपट्या भाजायला टाकल्या होत्या तिकडे वळले.

ती वरच्या उतारावर गेली. गवत शेंड्याला पिवळं आणि बुडाला ओलं होतं. असंच गवत सावकाश जळतं आणि झाडांना धक्का लावत नाही. आणखी महिनाभर थांबलं तर आग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तिने वायरलेसचं बटण दाबलं. रोज ती 'रेंजर चार' म्हणायची.

"डोरीन बोलतेय," ती म्हणाली. "पाणवठ्याच्या वरच्या अंगाला गवत पेटवतेय."

पलीकडे खरखर. आमच्या प्रत्येक गाडीत ते ऐकू गेलं असणार. मग क्लिफर्डने घसा खाकरला.

"ऐकलं," तो म्हणाला. "डोरीन, वारा कुठला आहे?"

"पूर्वेचा," डोरीन म्हणाली आणि तिने काडी ओढली.