बिननावाचे बुवा

सुई टेकली. आधी नुसती खरखर. मग त्या खरखरीच्या खालून बुवा आले.

शरच्चंद्रांनी डोळे मिटले. शेजारी बसलेल्या गुरुशांतनेही मिटले. जुळे सोलापुरातल्या त्या फ्लॅटमध्ये पंखासुद्धा बंद केला होता. बुवांपुढे पंख्याची घरघर बरी दिसत नाही.

आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. एक स्वर निघायचा, सावकाश वर चढायचा, तिथेच बसून राहायचा आणि कुणालाच कसली घाई नसल्यासारखा उतरायचा. शब्द कळत नव्हते. शब्दांच्या पलीकडे गेलेला माणूस, असं शरच्चंद्र म्हणत.

"लई खोल हाय की हो, सर," गुरुशांत हळूच म्हणाला.

त्याचं भवानी पेठेत चादरींचं दुकान होतं. ही भाषा कानडी आहे असं त्याने आधी छातीठोकपणे सांगितलं होतं. आठवड्याने ते मागे घेतलं. शेजारच्या तेलुगू कुटुंबाने ऐकलं, आमची नव्हे म्हणून हात जोडले आणि मग बुवांनाही जोडले.

विलंबित

रेकॉर्ड आली ती यशोदाबाईंच्या माहेरून. भावाने अक्कलकोटचं घर विकलं तेव्हा भांड्यांची पेटी इकडे पोचली. पातेल्यांच्या मध्ये, जुन्या लुगड्यात गुंडाळलेली ही रेकॉर्ड. वर लेबल नाही, नाव नाही. यशोदाबाईंचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि गाण्यातलं त्यांना ओ की ठो कळत नसे, हे त्यांनी नवऱ्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. थोर वस्तू अशाच घरांत लपून बसतात, असं शरच्चंद्रांचं त्यावर उत्तर होतं.

ते कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा मुलाने, आशिषने, पुण्याहून रेकॉर्ड प्लेअर आणून जोडून दिला. सुई ठेवणं आणि उचलणं एवढंच शरच्चंद्रांना येई, आणि रसिकाला त्याहून जास्त येऊ नये असं त्यांचं मत होतं. मतं भरपूर होती. हल्लीची पोरं अर्धा मिनिट गाणं ऐकतात आणि अंगठ्याने पुढे ढकलतात, पानातलं कारलं ढकलावं तसं. मिरवणुकीतला डीजे कानांनी नव्हे, बरगड्यांनी ऐकायचा असतो. रेकॉर्ड मात्र बाजू बदलायला माणसाला उठवते, म्हणून रेकॉर्ड ऐकणाऱ्याला मधुमेह होत नाही.

शरच्चंद्रांना होता.

यशोदाबाईंना त्यांनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं की तुला सूर नाही, गुणगुणत जाऊ नकोस. त्या गुणगुणत नसत.

आणि मग ती जागा

मध्यावर बुवा थांबत. अचानक, सगळं सोडून दिल्यासारखे. फक्त श्वास ऐकू येई, लांब आणि जड. मग त्याच्याही खालून, पाताळातून, आणखी एक नाद. स्वर नव्हे, जमीन हलल्यासारखा. गुरुशांतच्या मते तो तंबोरा. शरच्चंद्रांच्या मते गुरू. दोघांचे हात आपोआप जुळत.

स्वयंपाकघरात यशोदाबाईंचं लाटणंही त्या जागेला थांबे.

"तिलासुद्धा कळतं," शरच्चंद्र एकदा कौतुकाने म्हणाले.

नोकरीभर त्यांनी दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद पुढे सरकवले होते. आता एकच गोष्ट स्वतःच्या नावावर हवी होती. बुवांना लोकांनी ऐकावं, आणि हे सोलापुरात शरच्चंद्रांना सापडले असं म्हणावं. त्यासाठी रविवारी कॉलनीच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला होता. पुण्याहून सुबोध नावाचे जाणकार येणार होते. त्यांनी नाक मुरडलं तर सगळंच संपलं. शरच्चंद्रांची झोप उडाली होती.

शनिवारी आशिषचा फोन आला. सकाळी लवकर येऊन मशीन तपासून देतो म्हणत होता. फोन यशोदाबाईंनी घेतला.

"तू ये, जेव, कार्यक्रमाला बस," त्या म्हणाल्या. "मशीनला हात लावायचा नाही."

"अगं, ऐन वेळी काही झालं तर?"

"काही होत नाही. तुझ्या बाबांना इतकं खूश मी कधी पाहिलं नाही."

रविवार

सभागृहात मोबाइल बंद करा असं कुणाला सांगावं लागलं नाही. बुवा सुरू झाले आणि मागच्या रांगेतलं कुजबुजणं आपोआप विरलं. ती जागा आली तेव्हा एक बाई रडू लागली.

संपल्यावर सुबोध उठून पुढे आले. मग म्हणाले, इतकी वर्षं ऐकतो आहे, इतक्या ठाय लयीत गाणारा माणूस कानावर आला नाही. आणि त्या मौनाबद्दल तर मी बोलूच नये. ते शरच्चंद्रांच्या पाया पडले. गुरुशांतने दुकानातली सगळ्यात भारी चादर शरच्चंद्रांच्या खांद्यावर घातली.

घरी परतताना शरच्चंद्र ती चादर काढेनात.

"कोण असतील गं ते?" त्यांनी विचारलं. "नाव कळलं असतं तर पायांवर डोकं ठेवलं असतं."

"असेल कुणीतरी साधंच," यशोदाबाई म्हणाल्या आणि घसरलेली चादर त्यांच्या खांद्यावर सारखी केली.

सोमवार

शरच्चंद्र कालचं सगळं पुन्हा सांगायला गुरुशांतच्या दुकानात गेले. यशोदाबाईंनी दार लावलं, खिडक्या लावल्या. रेकॉर्ड काढून, पदराने पुसून मशीनवर ठेवली. बाजूला वेगाचं लहानसं बटण होतं. ते कुठे आहे हे त्यांनी नीट पाहून घेतलं, पुन्हा तिथेच आणून ठेवता यावं म्हणून. मग तेहतिसावरून फिरवून अठ्ठ्याहत्तरवर नेलं आणि सुई टेकवली.

खरखर. आणि एक लहान मुलगी भराभर, हेल काढून म्हणू लागली, एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस सकपर्यंत धडाधड गेली. सात आले आणि ती थांबली. नुसता श्वास ऐकू येत राहिला.

"अगं, दोनशे तीन," मागून मास्तर हळूच म्हणाले. "म्हण पुढे, यशोदे. मशीन फिरतंय."