हीलरची उणीव

“जखम भरायची शक्ती आजपासून मामाकडे,” लेक म्हणाली आणि आईच्या पुढ्यातल्या खेळाच्या कागदावरची एक ओळ तिने पेन्सिलीने खोडली.

“अगं, पण हीलर मी आहे ना?” आईने विचारलं.

“आहेसच. पण सगळं एकाच क्लासकडे, म्हणजे एकाच पात्राकडे असलं की बॅलन्स बिघडतो. हीलर पडली की अख्खी टोळी पडते.”

“माझ्या वॉरियरच्या गळ्यात कशाला ही ब्याद?” लेकीचा धाकटा भाऊ कुरकुरला. गॅरेजमधून तसाच आला होता, नखांत अजून ग्रीस होतं. “मी तलवार चालवू की मलमपट्टी करू?”

“दोन्ही कर. हात दोन दिलेत ना देवाने?”

“आणि मामा, पट्टी बांधताना स्वतःच ‘आई गं’ ओरडायचं नाही हं!” लेकीची छोटी चिमणी फिदीफिदी हसली.

ते हसू ऐकायलाच तर हा खेळ सुरू झाला होता. चिमणीचा बाप घर सोडून गेला तेव्हा ती बोलेनाशी झाली होती. मग लेकीने दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर फासे मांडले, आईला आणि धाकट्या भावाला बोलावून घेतलं. ती नकाशे काढायच्या कचेरीत कामाला. खेळातले डोंगर आणि नद्यासुद्धा तिने मोजूनमापून काढले. ती गेम मास्टर. पुठ्ठ्याच्या आडपडद्यामागे बसून गोष्ट सांगायची, राक्षस व्हायची, चेटकीण व्हायची. बाकीच्यांनी आपापलं कॅरेक्टर घडवायचं. नियम एकच: जितकी मोठी शक्ती मागाल, तितकी मोठी उणीवही पदरात घ्यायची.

आईने आपल्या हीलरसाठी उणीव निवडली होती, स्वतःची जखम कुणाला सांगायची नाही.

“ही कसली उणीव?” लेक तेव्हा हसली होती. “ही तर आपल्या घरची रीतच झाली.” तरी तिने ती लिहून घेतली.

आता एकेक रविवार हीलरचं काही ना काही काढून घेत होता. विष उतरवणं चिमणीच्या तिरंदाज मुलीकडे गेलं. अंधारात उजेड करणंही तिच्याकडेच.

“आजी, मला मिळालं की तुझं कमी होतं,” चिमणी हिरमुसली.

“होऊ दे गं राणी. म्हाताऱ्या खांद्यांना ओझं हलकंच बरं.”

तोंडाने म्हणाली खरी, पण आईला लागलं होतं. बदल्यात लेक तिला भलतीच कामं सांगायची. “माझा घसा बसलाय, हे पान तूच वाच ना.” आई गुहेचं वर्णन वाचायची. मग चेटकिणीचं बोलणंही तिच्याकडे आलं. मग राक्षसाचे फासे. खेळातून आपल्याला अलगद बाजूला सारताहेत, वर मन राखायला हा खुळखुळा हातात देताहेत, असं तिला वाटायचं.

एका रविवारी ती स्वयंपाकघरात कप विसळत होती. बाहेर गॅलरीत लेक फोनवर बोलत होती.

“हो डॉक्टर, कळलं मला... नाही, घरात अजून कुणालाच बोलले नाही. माझं मी बघते.”

आईने नळ बंद केला.

आईच्या स्वतःच्या हृदयाची झडप बिघडली होती. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत होते. तिने ना कुणाला सांगितलं, ना तारीख घेतली. झालं एवढं पुष्कळ झालं, उरलेले दिवस देवाचं नाव घेत शांतपणे काढू, असं मनाशी ठरवून ती मोकळी झाली होती. फक्त दवाखान्यात फोन नंबर म्हणून लेकीचा दिला होता.

म्हणजे पोरीला कळलं. म्हणून हे सगळं चाललंय. आपल्या मागे घर उघडं पडू नये म्हणून बिचारी आतापासून वाटण्या करतेय.

आईचे डोळे भरून आले. मग मात्र मन निवलं. त्या दिवसापासून ती आपणहून विचारू लागली, “आज माझं काय द्यायचं?”

शेवटची लढाई गुहेतल्या अजगराशी झाली. हीलर मागे नुसती उभी होती. वॉरियर कोसळला, तर तिरंदाज मुलीने त्याचं विष उतरवलं. उठल्यावर त्याने तिची जखम भरली. अजगर पडला.

“हीलरशिवाय जिंकलो!” चिमणी खुर्चीवर चढून ओरडली.

लेकीने टाळ्या वाजवल्या. हातातलं घड्याळ मनगटावरून पार कोपराकडे घसरलं. “पट्टा सैल झालाय मेला,” ती पुटपुटली आणि तिने भावाला पैसे दिले. “जा, दोघं आइस्क्रीम घेऊन या. सावकाश या.”

दार लागलं. लेकीने आईच्या कागदावरची उरलेली ओळ खोडली.

“आता मी काय खेळू गं?” आईने हसून विचारलं.

लेक उठली. तिने आडपडदा उचलला, फिरवला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. “आता तू इथे बसायचं. चिमणीला गोष्ट लागते, आई. तुझ्या आवाजाची सवय झालीय तिला.”

“मला कशाला गं हे आता?” आईने पडदा हळूच बाजूला सारला आणि लेकीचा हात हातात घेतला. “तुला सगळं कळलंय, ठाऊक आहे मला. डॉक्टरांशी बोलत होतीस, मी ऐकलं. मी जाणार, म्हणूनच तर तू माझं सगळं वाटून टाकलंस ना?”

लेकीच्या कपाळावर आठी पडली.

“तू कुठे चाललीस?” तिने विचारलं. “जाणारी मी आहे, आई.”